थर्माकोलचं झाकण

रात्री गाडी लावली की इंजिनाखाली मी थर्माकोलच्या पेटीचं झाकण सरकवतो. मिरकरवाड्यात अशी झाकणं कुणी विकत घेत नाही. कोळंबीच्या पेट्या फुटतात, झाकणं राहतात, आणि वाऱ्यावर उडत उडत ती जेटीवरून आपल्याच पायाशी येतात. सकाळी चहाच्या आधी ते झाकण ओढून उजेडात धरायचं. पांढऱ्यावर काही लपत नाही. काळा डाग इंजिन ऑइलचा. हिरवट किंवा गुलाबी, बोटांना बुळबुळीत लागणारा, कूलंटचा. गिअर ऑइलला उग्र, गंधकासारखा वास येतो, एकदा घेतला की आयुष्यभर विसरत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, तेलकट आणि पातळ थेंब दिसला तर तो ब्रेक ऑइलचा, आणि त्या दिवशी गाडी काढायची नाही. मग भाडं कितीही मोठं असो.

शेजारच्या रिक्षावाल्यानं माझं बघून झाकण ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला आरपार भोक. त्याला वाटलं, कुणी पोरानं सिगारेट टेकवली. सिगारेट कसली, त्याच्या पेट्रोलच्या कॉकमधून थेंब थेंब गळत होतं. पेट्रोल थर्माकोलला विरघळवतं. एवढी स्वस्त तपासणी मी दुसरी पाहिलेली नाही. डाग बघायचीही गरज नाही, भोक मोजायचं.

हे झाकण मी हौसेनं सुरू केलं नाही. त्याला एका इंजिनाची किंमत मोजली आहे.

मी बावीस वर्षं मासळी वाहतो. आधी तीनचाकी टेम्पो होता, जेटीवरून बाजारात आणि बर्फाच्या फॅक्टरीत. मग जुना पिकअप घेतला आणि कोल्हापूरची लाइन धरली. संध्याकाळी लिलाव, बर्फ टाकून हौदा भरायचा, हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, आंबा घाट, मलकापूर, आणि पहाटेच्या आत कोल्हापूर. सुमारे १३० किलोमीटर. माल बर्फात असतो आणि बर्फ घड्याळासारखा चालतो, थांबत नाही. घाटात गाडी बंद पडली की आधी बांगड्याचे डोळे लाल होतात, मग व्यापाऱ्याचे.

आता मासळीच्या गाडीची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला कळत नाही. ही गाडी कायम गळते. बर्फ वितळतो, त्यात रक्त आणि खारं पाणी मिसळतं, आणि ते हौद्याच्या सांध्यांतून चेसिसवर, तिथून स्प्रिंग, ब्रेकचे पाइप, वायरिंग असं करत रस्त्यावर येतं. हौद्याला नळी लावून पाणी कॅनमध्ये घ्यायचं असतं; दुचाकीवाले घसरतात, लोक शिव्या देतात, आणि त्यांचं बरोबर आहे. पण नळी लावली तरी निम्मं पाणी आपल्या वाटेनं जातं. त्यामुळे गाडीखाली ओलं दिसलं की आम्ही बघतच नाही. मासळीचं पाणी, दुसरं काय.

एका हंगामात मी तीन आठवडे तेच म्हटलं. रेडिएटरमध्ये रोज थोडं पाणी कमी व्हायचं, मी रोज घालायचो. खाली ओलं होतंच. वास बांगड्याचाच. नळीच्या क्लॅम्पमधून कूलंट झिरपत होतं आणि मासळीच्या पाण्यात मिसळून निघून जात होतं. साखरपा सोडून चढ लागला आणि काटा वर गेला. मी म्हटलं, घाट चढून थांबू. थांबायची वेळ गाडीनंच ठरवली. हेड गॅसकेट उडालं, हेड वाकलं. टोचन करून गाडी खाली आणली, माल दुसऱ्या गाडीत भरला तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. एका क्लॅम्पची किंमत तेव्हा वीस रुपये होती.

तेव्हापासून झाकण. आणि आणखी एक सवय: गाडी आधी धुवायची, कोरडी होऊ द्यायची, मगच झाकण ठेवायचं. रत्नदुर्ग किल्ल्याकडे चढणाऱ्या रस्त्याच्या कडेला मी गाडी लावायचो, कारण आमच्या गल्लीत ती शिरत नाही. उतारावर थेंब पडतो एका जागी आणि घरंगळत दिसतो दुसऱ्या जागी. ऑइलची काडीही उतारावर खोटं बोलते. म्हणून आता सपाट जागा शोधतो, मग घरापासून लांब चालावं लागलं तरी चालतो.

हेड गॅसकेट गेल्याच्या खुणा मला त्या प्रकरणानंतर पाठ झाल्या. सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करायची आणि पाण्याकडे बघायचं. बुडबुडे अखंड येत राहिले तर सिलिंडरची हवा पाण्यात शिरते आहे. ऑइल भरायच्या टोपणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा थर दिसला तर पाणी ऑइलात गेलं असेल. मात्र पावसाळ्यात, गाडी फक्त जेटी ते बाजार इतकीच फिरत असेल, तर साधी वाफही तिथे थंड होऊन तशीच साय धरते. लगेच छाती बडवू नये, काडीवरचं ऑइल बघावं. आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असूनही उकळलेलं नसतं, झाकण सैल होताच ते एकदम उसळतं. आमच्यातल्या एका क्लीनरच्या हातावर त्याचा नकाशा आहे.

इंजिन ऐकायला मी शिकलो ते बोटीवरच्या एका मेकॅनिकचाचांकडून. गाडीच्या गॅरेजात शिकलो नाही, याचं कारण सरळ आहे. गॅरेजवाल्याकडे गाडी ओढून आणता येते. समुद्रात मशीन बंद पडलं तर तिथे कोण येणार? ट्रॉलर आणि पर्सनेट जाळ्याच्या बोटींवर डिझेल इंजिन असतं, ट्रकच्याच जातीचं, आणि बोट चालवणाऱ्या तांडेलाला किंवा मशीनवाल्याला हाताशी असलेल्या पान्यांवर आणि कानांवर भागवावं लागतं. चाचा एक लांब पेचकस घेऊन बसायचे. पात्याचं टोक इंजिनाच्या अंगाला, मूठ कानामागच्या हाडाला. एका जागी ऐकायचे, दोन बोटं सरकवायचे, परत ऐकायचे. डॉक्टर पाठीवर नळी फिरवतो तसं. टॅपेट टिकटिक करतात आणि वेगाबरोबर टिकटिक वाढते. बेअरिंग घरघरतं. क्रँकचं बेअरिंग गेलं असेल तर खोल, दबका ठोका येतो, छातीत जाणवेल असा. तो ऐकू आला की इंजिन बंद करायचं, दुसऱ्यांदा ऐकायची हौस करायची नाही.

चार सिलिंडरांपैकी कुठलं काम करत नाही हे शोधायला चाचा जुन्या इंजिनावर एकेका नोझलचा पाइप जरा सैल करायचे. ज्याचा पाइप सैल केल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो ते सिलिंडर जिवंत. ज्यानं काहीच फरक पडत नाही ते मेलेलं. याहून सोपी दुसरी रीत: थंड इंजिन चालू केल्यावर लगेच सायलेन्सरच्या मुळाशी, जिथून चार फाटे निघतात तिथे, प्रत्येकावर चार थेंब पाणी शिंपडायचं. तीन ठिकाणी चर्र होऊन वाळतं, चौथ्यावर तसंच राहतं. हात लावायची गरज नाही. पाइप सैल करायची रीत मात्र आताच्या कॉमन रेलच्या गाड्यांवर कुणी करू नये. त्या पाइपात हजार बारच्याही वर दाब असतो, डिझेलची धार कातडी फाडून आत शिरते. चाचांनी हे मला दोनदा बजावलं. एरवी ते कुठलीच गोष्ट दोनदा सांगत नसत.

चाचांची दुसरी एक गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटायची. ते बघायचे वेगळे पैसे घ्यायचे. "बघायचे पन्नास, करायचे वेगळे." लोक चिडायचे. नुसतं बघितलं, त्याचे पैसे? मीही चिडलो होतो. पण पुढे माझ्यावर जे गुदरलं त्यानंतर मला वाटतं, त्या काळी आख्ख्या बंदरावर हिशोब नीट समजलेला तो एकच माणूस होता.

झालं असं. सप्टेंबर उजाडला, पर्सनेटचा हंगाम सुरू झाला. आमच्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि पर्सनेटला १ सप्टेंबरपासून ३१ डिसेंबरपर्यंतच मुभा असते, त्यामुळे त्या चार महिन्यांत गाडी थांबली की वर्ष थांबतं. माझा पिकअप सेल्फ नीट घेईना. चावी फिरवली की रडत रडत एक फेरा, मग टक्. शहरातल्या एका गॅरेजात नेली. बॅटरी गेली म्हणाले, नवी बसवली. आठवडाभर बरी चालली. परत तेच. मग सेल्फ गेला म्हणाले, तो भरून घेतला. पंधरा दिवसांनी जेटीवर टनभर बांगडा भरलेला, आणि चावी फिरवली तर टक्.

त्या रात्री चाचा आले नाहीत, त्यांचा भाचा आला. पोरगा आयटीआयला होता. त्याच्याकडे ते व्होल्ट मोजायचं पिवळं मीटर होतं, अडीचशे रुपयांना मिळतं ते. त्यानं मीटरच्या दोन्ही वायरी आधी बॅटरीच्या दोन खुंट्यांवर ठेवल्या. १२.६. म्हणजे बॅटरी भरलेली. मला म्हणाला, काका, सेल्फ मारा. मी मारला. मीटर ११.५ वर. तो हसला. बॅटरी दमलेली असती तर सेल्फ मारताना ती दहाच्या खाली कोसळली असती. सेल्फ जाम असता तरी त्यानं भरमसाट करंट ओढून बॅटरीला खाली आणलं असतं. इथे बॅटरी निवांत आणि सेल्फ उपाशी. मधे वाटेत कुणीतरी अडवतंय.

मग त्यानं मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनस खुंटीवर टेकवली, दुसरी थेट इंजिनाच्या कोऱ्या धातूवर. मारा सेल्फ. ही दोन्ही टोकं खरं तर एकच, मायनस म्हणजेच इंजिनाचं अंग. मीटरवर जवळपास शून्य यायला हवं, फार तर ०.२ किंवा ०.३. आलं २.६. म्हणजे वाटेतच अडीच व्होल्ट खाल्ले जात होते. त्यानं जंपर केबलचं एक टोक मायनसला लावलं आणि दुसरं इंजिनाच्या हुकाला. गाडी अर्ध्या फेऱ्यात चालू झाली.

गुन्हेगार होती अर्थिंगची पट्टी. तांब्याच्या तारांची वेणी असते, एक टोक चेसिसला आणि एक इंजिनाला. मासळीचं पाणी नेमकं तिच्यावर ठिबकत होतं. लोखंडी चेसिस, तांब्याची वेणी, मधे मिठाचं पाणी: हीच तर बॅटरी बनवायची कृती. वेणी बाहेरून शाबूत दिसत होती. बोल्ट काढला तर आत हिरवा कळंक आणि गंजाचा चुरा. नवी बॅटरी बसवताना खुंट्या हलल्या, साफ झाल्या, म्हणून आठवडाभर बरं वाटलं. सेल्फ भरून बसवताना तेच. आजार पट्टीत होता आणि औषध दुसऱ्यालाच चाललं होतं.

गॅरेजवाल्यावर मी पुष्कळ दिवस राग धरला. मग विचार केला, तो काय करणार? पट्टी शोधायला त्याला अर्धा तास लागला असता, आणि त्याचे मी त्याला काय दिले असते? "नुसती वायर घासली आणि दोनशे मागतोस?" असं म्हणालो असतो, नक्की म्हणालो असतो. बॅटरी बसवली की बिल दिसतं, वस्तू दिसते, गिऱ्हाईक मुकाट पैसे देतं. शोधण्याचे पैसे कुणी देत नाही, म्हणून शोधत कुणी नाही, बदलतात. चाचांचे पन्नास रुपये मला त्या दिवशी कळले.

मग मी ते पिवळं मीटर घेतलं. आणि माझा एक नियम ठरला, ज्यावर माझा भाऊ अजून हसतो: आधी कुठली शंका दाट आहे ते बघायचं नाही, कुठली शंका फुकटात फिटते ते बघायचं. डिझेल पंप गेला असेल असं सगळे म्हणत असतील, पण एअर फिल्टर काढून झटकायला पाच मिनिटं लागतात ना, मग ते आधी. काळा धूर येतो तेव्हा निम्म्या वेळा फिल्टरच चोंदलेला असतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. त्याला ऑइलचं टोपण चालू इंजिनावर सैल करून बघायचं, टोपण उडू लागलं, आतून भकभक वाफ आली, तर बॅक कंप्रेशन, रिंगा गेल्या. लांबच्या फेरीनंतर प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हाताची पालथी बाजू न्यायची, टेकवायची नाही. एकच चाक तापलं असेल तर तिथे ब्रेक धरून बसला आहे किंवा बेअरिंग घट्ट आहे; आमच्याकडे बहुतेक वेळा ब्रेकच असतो, कारण मीठ सिलिंडरचा पिस्टन जागीच गंजवतं. टायरवर तळहात आडवा फिरवायचा. एका बाजूनं गुळगुळीत आणि परत येताना करवतीसारखं लागलं तर चाकं वाकडी धावताहेत, अलाइनमेंट करा. मधे झिजलं तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजलं तर कमी. याला एक रुपयाही लागत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग मला बारा व्होल्टच्या जुन्या बल्बचा झाला. जुन्या इंडिकेटरचा बल्ब आणि दोन वायरी, झाला टेस्ट लॅम्प. बंदीच्या दोन महिन्यांत गाडी उभी राहिली की माझी बॅटरी उतरायची. नवी होती तरी. भाच्यानंच रीत सांगितली: सगळं बंद करा, बॅटरीची मायनस वायर काढा, खुंटी आणि वायर यांच्या मधे बल्ब जोडा. काहीच करंट जात नसेल तर बल्ब लागणार नाही. माझा भकभक लागला. रात्रीची वेळ, बायको बल्बसमोर टॉर्च बंद करून उभी, आणि मी डॅशखाली वाकून एकेक फ्यूज काढतोय. "लागलाय... लागलाय... अजून लागलाय... गेला!" जो फ्यूज काढल्यावर गेला तो हौद्याच्या दिव्याचा. ती वायर मीच कुठल्याशा पाना-पकडीनं जोडली होती आणि सांध्याला पट्टी गुंडाळली होती. पट्टीच्या आत खारं पाणी साचून दोन वायरींत रात्रंदिवस चोरटा धंदा चालू होता. दोष माझाच निघाला याचा बायकोला झालेला आनंद मी इथे लिहीत नाही.

मिठावर उपाय काय, असं लोक विचारतात. बोटीच्या पंख्याजवळ, शाफ्टवर, जस्ताचा ठोकळा बांधतात. जस्त स्वतः झिजतं आणि पंखा वाचतो. ही युक्ती हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानं १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराला सांगितली. लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत, ते समुद्रात झिजत. डेव्हीनं जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडले आणि तांबं झिजायचं थांबलं. पण मग त्यावर शिंपले आणि शेवाळ चिकटू लागलं, कारण झिजणारं तांबंच त्यांना दूर ठेवत होतं. जहाजं जड झाली, युक्ती मागे घ्यावी लागली. मला हे वाचून फार बरं वाटलं. माझ्या गॅरेजवाल्याच्या आधीही मोठमोठी माणसं एक दुरुस्त करताना दुसरं बिघडवून बसली आहेत. जस्ताचा ठोकळा पिकअपला कामाचा नाही, तो पाण्यात बुडालेला असेल तरच काम करतो. गाडीला गोडं पाणी, वायरब्रश आणि ग्रीस. बंदीचे दोन महिने त्यासाठीच आहेत असं मी धरून चालतो. प्रत्येक अर्थिंगचा बोल्ट काढतो, धातू चमकेपर्यंत घासतो, आवळतो आणि मग वरून ग्रीस फासतो. आधी ग्रीस आणि मग आवळणं असं करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही.

तीन वर्षांपूर्वी जुना पिकअप विकला, बीएस सहाचा घेतला. बीएस सहाचे धुराचे नियम देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू आहेत. यात इंजिन कमी आणि वायरी जास्त आहेत असं मला पहिले सहा महिने वाटत होतं. स्टेअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात बोटभर स्कॅनर खोचला की ब्ल्यूटूथनं मोबाइलवर चूक काय ते येतं. काहीशे रुपयांना मिळतो. मुलीनं मागवला. पहिल्यांदा लावला तेव्हा मी पेपर तपासायला दिलेल्या मुलासारखा उभा होतो. कोड आला पी ०५६२. मुलीनं शोधून सांगितलं: "बाबा, व्होल्टेज कमी." मी मीटर काढलं, मायनस आणि इंजिन, ०.९. गाडी नवी, सवय जुनी. नळीची दिशा चुकून पाणी पुन्हा अर्थिंगवर चाललं होतं. लोक असा कोड बघतात आणि थेट अल्टरनेटर बदलायला धावतात. कोड म्हणजे तक्रार. कोण बोलतंय ते कळतं, त्याला कुणी मारलं ते आपणच बघायचं असतं.

गेल्या दिवाळीनंतर नव्या गाडीतून बारीक शिटीसारखा आवाज यायला लागला. स्कॅनर लावला: काही दोष नाही. मीटर: सगळं जागच्या जागी. झाकण: कोरडं. पेचकस कानाला लावून पाहिला, पण पट्ट्याच्या बाजूला चार पुल्या इतक्या जवळ आहेत की मला सगळ्याच शिट्या मारताहेत असं वाटलं. शेवटी चाचांकडे गेलो. चाचांना आता ऐकू येत नाही. चाळीस वर्षं बोटींच्या मशीनखान्यात काढल्यावर कान कुठले राहणार. मी ओरडून सांगितलं, ते हातवारे करून म्हणाले, चल.

त्यांनी पेचकस घेतला नाही. घरातून बोटीवरची हातभर लांब सळई आणली, एका टोकाला लाकडी मूठ बसवलेली. गाडी चालू करायला लावली. सळईचं टोक अल्टरनेटरच्या अंगावर, बोल्टाजवळ, पट्ट्यापासून चांगलं दूर. आणि मूठ कानाला न लावता त्यांनी दातांत धरली. डोळे मिटले. जरा वेळानं टोक सरकवलं, पाण्याच्या पंपावर. परत डोळे मिटले. मग ताणाच्या पुलीच्या मधल्या बोल्टाच्या कडेला. इथे त्यांच्या भुवया वर गेल्या. मूठ दातांतच ठेवून ते काहीतरी बोलले. मला एक अक्षर कळलं नाही, पण बोट पुलीकडे होतं.

मी इंजिन बंद केलं. त्यांनी मूठ तोंडातून काढली, लुंगीला पुसली आणि हात पुढे केला.

"बघायचे शंभर," म्हणाले. "आता कान नाय, दात वापरतो. दाताचे जास्त."